स्वतःची गाडी दुसऱ्या देशात न्यायची असेल तर: आधी कागद, मग जहाज

"गाडी न्यायला किती पडतील?" हा प्रश्न सगळेच पहिल्यांदा विचारतात. मीही तोच विचारला होता, चार एजंटांकडून भाडं मागवलं, त्यातलं स्वस्त बघून पक्कं केलं आणि मग पुढचे कित्येक आठवडे एकेक नवीन बिल समोर येत गेलं. जहाजाचं भाडं हा या सगळ्यातला सोपा आकडा आहे, तो आधीच कळतो. अवघड प्रश्न वेगळाच आहे, की गाडी उतरल्यावर तिकडे तिचं रजिस्ट्रेशन होणार का. ते होणार नसेल तर भाडं कितीही स्वस्त मिळालं तरी तो पैसा पाण्यात गेला. म्हणून मी हे सगळं उलटीकडून सांगतेय, आधी पलीकडचं, मग जहाजाचं.

तुमच्या गाडीला तिकडे येऊ देतात का

पहिली चाळणी वयाची. काही देशांना जुनी गाडी नकोच असते. सिंगापूरला वापरलेली गाडी न्यायची तर ती ३ वर्षांच्या आतली लागते, केनियात ८ वर्षांच्या आतली आणि ती पण उजवीकडे स्टिअरिंग असलेली. काही ठिकाणी बरोबर उलटं आहे. अमेरिकेत २५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला तिथले सुरक्षेचे नियम लागू होत नाहीत, आणि धुराच्या नियमातून सूट २१ वर्षांनंतर मिळते (गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे). म्हणजे तिकडच्या नियमांप्रमाणे न बनवलेली १० वर्षांची चांगली टकाटक गाडी अडकते आणि ३० वर्षांची खटारा निघून जाते! कॅनडात अमेरिका सोडून बाकी बहुतेक ठिकाणांहून आणलेल्या गाडीसाठी हीच सीमा १५ वर्षांची आहे.

दुसरी चाळणी म्हणजे गाडी कुठल्या मार्केटसाठी बनली. तेच मॉडेल, तोच रंग, तेच इंजिन असलं तरी दोन देशांसाठी बनवलेल्या गाड्या कागदावर वेगवेगळ्या असतात. हे घरी पाच मिनिटांत बघता येतं. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा आणि दरवाजाच्या चौकटीवर नाहीतर खांबावर लेबल बघा. अमेरिकेसाठी बनलेल्या गाडीच्या लेबलवर ती तिथल्या फेडरल सुरक्षा मानकांप्रमाणे बनल्याचं सरळ लिहिलेलं असतं. मग हेडलाइटच्या काचेवर आणि खिडकीच्या कोपऱ्यात बघा, गोलात ई अक्षर आणि शेजारी आकडा दिसला तर तो सुटा भाग युरोपात चालणाऱ्या यूएनच्या नियमांप्रमाणे पास झालेला आहे. मागचे इंडिकेटरही बघा, अमेरिकेत ते लाल असलेले चालतात, युरोपात पिवळेच लागतात, शिवाय मागे एक फॉग लॅम्प लागतो. रस्त्याची बाजू बदलत असेल तर हेडलाइट पण बदलावे लागतात, कारण डीप बीम (हेडलाइटचा खाली पडणारा प्रकाश) मुद्दाम एका बाजूला जरा वर उचललेला असतो आणि बाजू बदलली की तोच प्रकाश समोरच्याच्या डोळ्यात जातो. अशी यादी आधीच करून गॅरेजवाल्याकडून बदलाचा अंदाज घ्या. कधीकधी हा एकच खर्च जहाजभाड्याच्या वर जातो, आणि तसं असेल तर गाडी इकडेच विकणं शहाणपणाचं, मी हे अगदी मनापासून सांगतेय. जीव लावलेला असतो गाडीला, मला माहितीये, पण आधी हिशोब करा.

तिसरी गोष्ट परवानगी. काही देशांत गाडी जहाजावर चढायच्या *आधी* परवानगी हातात लागते. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण सगळ्यात कडक, तिथे इम्पोर्ट अप्रूव्हल नसताना गाडी पाठवली तर बंदरावर थांबवतात आणि परत पाठवायची किंवा नष्ट करायची वेळ येऊ शकते. त्यात ॲस्बेस्टॉस पण आहे. ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरपासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, आणि जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये, गास्केटमध्ये ते असू शकतं. गाडीत ते नाही हे दाखवायची जबाबदारी आणणाऱ्याची, म्हणजे आपली.

ड्युटी माफ होते का? होते, पण तारखा सांभाळा

राहायला कायमचं जात असाल तर बऱ्याच देशांत घरच्या सामानासारखी गाडीची ड्युटीही माफ होते. युरोपियन युनियनचा नियम (२००९ चा ११८६ नंबरचा) बघा, कारण इतरही कितीतरी ठिकाणी ढाचा साधारण असाच असतो. तुम्ही सलग १२ महिने युनियनच्या बाहेर राहिलेले असले पाहिजेत, गाडी बाहेरचं राहणं सोडायच्या आधी निदान ६ महिने तुमच्या ताब्यात आणि वापरात असली पाहिजे, तिकडे राहायला गेल्यापासून १२ महिन्यांच्या आत ती आणली पाहिजे आणि आणल्यावर १२ महिने ती विकता, भाड्याने देता, गहाण ठेवता किंवा कुणाला वापरायला देता येत नाही. ब्रिटनमध्येही असाच प्रकार आहे, तिथे ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सचा अर्ज शक्यतो गाडी निघायच्या आधीच करून मंजुरीचा नंबर घेऊन ठेवायचा.

लोक फसतात ते ६ महिन्यांवर. परदेशातली नोकरी ठरली की "जायच्या आधी नवीन गाडी घेऊ आणि तीच नेऊ" असं वाटतं, आणि चौथ्या महिन्यात निघायची वेळ आली की सवलत हातची गेली. मोजणी गाडी जहाजावर चढली त्या दिवसापर्यंत नाही, तुमचं इकडचं राहणं संपलं त्या दिवसापर्यंत होते. त्यामुळे गाडीचं पहिलं बिल, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्सच्या पावत्या, सर्व्हिसिंगच्या तारखा सगळं एका फाइलमध्ये ठेवा, वापर सिद्ध करायला सर्व्हिसिंगची पावती फार उपयोगी पडते कारण तिच्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात.

थोड्या दिवसांसाठीच नेत असाल, फिरायला किंवा वर्षभराच्या कामाला, तर कायमचा इम्पोर्ट करूच नका, तात्पुरत्या प्रवेशाचा रस्ता बघा. बाहेर राहणाऱ्या माणसाला युरोपियन युनियनमध्ये स्वतःच्या गाडीने साधारण ६ महिने ड्युटी न भरता फिरता येतं. अमेरिकेतही तिथे न राहणाऱ्याला स्वतःच्या वापरासाठी गाडी एक वर्षापर्यंत आणता येते, पण वर्षाच्या आत ती बाहेर गेलीच पाहिजे, तिथे विकता येत नाही. बऱ्याच देशांत यासाठी कार्ने द पासाज लागतं, म्हणजे गाडीचा पासपोर्टच म्हणा. तो ऑटोमोबाइल असोसिएशन देते, मुदत एक वर्षाची असते, आणि त्यासाठी गाडीच्या किमतीच्या हिशोबाने डिपॉझिट किंवा बँक गॅरंटी ठेवावी लागते. त्यातला *बाहेर पडतानाचा* शिक्का सगळ्यात महत्त्वाचा. तो राहिला तर त्या देशाच्या दृष्टीने गाडी अजून आतच आहे, मग ते ड्युटी मागतात आणि तुमचं डिपॉझिट अडकतं. रात्री दोन वाजता बॉर्डरवर कितीही झोप आलेली असू दे, शिक्का बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता खर्च, सगळा मांडून

एजंट कोटेशन देतो तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा की हे बंदर ते बंदर आहे की दारापासून दारापर्यंत, आणि पलीकडच्या बंदराचे चार्जेस यात धरलेत का. बहुतेक वेळा धरलेले नसतात. इकडे गाडी बंदरापर्यंत नेणं, एक्स्पोर्ट क्लिअरन्स, टर्मिनल हँडलिंग, मग समुद्राचं भाडं आणि त्यावर इंधनाचा सरचार्ज, तिकडे परत टर्मिनल हँडलिंग, डिलिव्हरी ऑर्डरची फी, क्लिअरिंग एजंट, कस्टमची तपासणी लागली तर तिचे वेगळे, मग टॅक्स, मग गाडीतले बदल, टेस्ट, रजिस्ट्रेशन, नंबर प्लेट. हे सगळं लेखी मागवा, आणि "ॲज पर ॲक्च्युअल" असं जिथे लिहिलेलं असेल तिथे अंदाजे तरी किती ते विचारा.

टॅक्सचा हिशोब एकदा हाताने करून बघा म्हणजे डोळे उघडतात. चलन कुठलंही धरा. गाडीची किंमत १०,०००, भाडं १,५००, इन्शुरन्स १५०. युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये ड्युटी फक्त गाडीवर नाही, भाडं आणि इन्शुरन्स मिळवून जी बेरीज होते तिच्यावर लागते, म्हणजे ११,६५० वर. १० टक्के ड्युटी धरली तर १,१६५. आता बेरीज १२,८१५, आणि व्हॅट लागतो तो या बेरजेवर, म्हणजे ड्युटीवर पण टॅक्स. २० टक्क्यांनी २,५६३ झाले. एकूण टॅक्स ३,७२८, जहाजभाड्याच्या जवळजवळ अडीच पट. सवलत मिळाली तर हेच शून्यावर येऊ शकतं, म्हणून वर तारखांबद्दल एवढं लिहिलं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात ड्युटी मोजताना समुद्राचं भाडं धरत नाहीत, तेवढा फरक पडतो, पण ऑस्ट्रेलियात जीएसटी मोजताना ते परत आत येतंच.

किंमत कमी दाखवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कस्टमवाले आपण लिहिलेला आकडा डोळे मिटून घेत नाहीत, त्यांच्याकडे मॉडेल आणि वर्षाप्रमाणे बाजारभाव बघायची सोय असते, आणि खोटं पकडलं गेलं तर दंड आणि उशीर दोन्ही. आणि एक, गाडी मुळात त्याच देशातून बाहेर गेलेली असेल आणि आता परत येत असेल तर परत आलेल्या मालाची वेगळी सवलत असते, युरोपियन युनियनमध्ये साधारण ३ वर्षांच्या आत आणि मूळ स्थितीत परत आली तर. हे विचारायचं बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

कागद, आणि एका अक्षराची किंमत

लागणारे कागद बहुतेक ठिकाणी हेच: मालकीचा मूळ कागद, खरेदीचं बिल, पासपोर्ट, तिकडचा व्हिसा किंवा राहण्याचा पुरावा, कर्ज असेल तर बँकेची एनओसी, इकडचं रजिस्ट्रेशन रद्द केल्याचा किंवा एक्स्पोर्टचा कागद. कर्ज चालू असलेली गाडी बँकेच्या लेखी परवानगीशिवाय हलवू नका. अमेरिकेतून गाडी समुद्रामार्गे बाहेर काढताना मालकीचे कागद आणि गाडी निदान ७२ तास आधी तिथल्या कस्टमसमोर हजर करावी लागते, म्हणजे जहाजाच्या आदल्या दिवशी पोचलात तर ते जहाज गेलंच समजा.

आता चासी नंबर. तो १७ अक्षरी असतो, आणि त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. माझ्या बिल ऑफ लेडिंगवर (बीएल, म्हणजे जहाज कंपनी माल घेतल्याचा जो कागद देते तो) टाइप करणाऱ्याने शून्याच्या जागी ओ टाकला. मी ड्राफ्ट मोबाइलवर वरवर बघून ओके म्हटलं. तिकडे कस्टमने अडवलं, कारण त्या नंबरची गाडी जगात अस्तित्वातच असू शकत नाही! दुरुस्तीची फी भरली, नवीन बीएल येईपर्यंत नऊ दिवस गाडी बंदरावर उभी, आणि बंदरावरचा प्रत्येक दिवस मीटर चालू. तेव्हापासून माझी पद्धत अशी, टॉर्च घेऊन विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यातून दिसणारा नंबर बघायचा, मग दरवाजाच्या चौकटीवरचा, मग चासीवर ठोकलेला, आणि दुसऱ्या माणसाने ड्राफ्टवरचं एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं. दहा मिनिटं लागतात.

बीएलवर आणखी एक बघा, माल घेणाऱ्याचं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच हवं. मूळ बीएल सहसा तीन प्रतींत निघतं आणि त्यातली एक दाखवल्याशिवाय गाडी सुटत नाही, कुरिअरमध्ये हरवलं तर फार त्रास होतो. स्वतःच पाठवून स्वतःच घेणार असाल तर एजंटला सी वेबिल किंवा टेलेक्स रिलीज मागा, मग मूळ कागद पाठवावाच लागत नाही.

रोरो की कंटेनर

रोरो म्हणजे गाडी चालवत जहाजात चढवतात आणि चालवत उतरवतात. स्वस्त पडतं, पण गाडी चालू स्थितीत लागते, चावी त्यांच्याकडे राहते, आणि गाडीत सामान बहुतेक कंपन्या ठेवू देत नाहीत. भाडं बऱ्याचदा घनमीटरवर असतं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. ४.५ गुणिले १.८ गुणिले १.५ म्हणजे १२.१५ घनमीटर. वर कॅरिअर लावलेलं असेल आणि उंची १.७ झाली तर १३.७७, नुसत्या त्या दांड्यांमुळे १३ टक्के जास्त. काढून आत ठेवू देतात का विचारा, नाहीतर घरच्या सामानात टाका.

कंटेनरमध्ये गाडी एकटी, बंद आणि सीलबंद जाते. २० फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद असतो, म्हणजे साधी गाडी बसते, पण दार उघडून ड्रायव्हर बाहेर कसा येणार हेही बघावं लागतं. ४० फुटीत दोन गाड्या जातात, कुणाबरोबर वाटून घेतलं तर खर्च निम्म्याजवळ येतो, फक्त दुसऱ्याचे कागद अडकले की तुमचीही गाडी अडकते. महाग गाडी, जुनी जपलेली गाडी किंवा बंद पडलेली गाडी असेल तर मी कंटेनरच घेईन. रोजच्या वापरातल्या गाडीला रोरो पुरे.

पेट्रोल पाव टाकीच्या वर ठेवू नका, कंटेनरसाठी तर अगदी तळाला. इलेक्ट्रिक गाडी असेल तर बुकिंगच्या आधीच सांगा, लिथियम बॅटरीच्या गाड्यांना आता धोकादायक मालाच्या यादीत वेगळा यूएन नंबर आहे, ३५५६, आणि चार्ज किती टक्के ठेवायचा हे प्रत्येक जहाज कंपनी आपलं आपलं ठरवते. काही कंपन्या अपघातात ठोकलेली इलेक्ट्रिक गाडी घेतच नाहीत.

धुणं म्हणजे खरंच धुणं

माती, बिया, वाळलेली पानं, किडे, यातलं काहीही सापडलं तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये गाडी परत धुवायला पाठवतात, तुमच्या खर्चाने, त्यांच्या दराने. अमेरिकेतही गाडीच्या पोटाला परकी माती चालत नाही. बाहेरून चकचकीत करून उपयोग नाही. वायपरच्या खालची जाळी काढली तेव्हा माझ्या गाडीतून मूठभर सडलेली पानं निघाली, आणि स्टेपनीच्या खड्ड्यात कार्पेटखाली चक्क एक सुकलेली शेंग होती, बियांसकट. चाकांच्या कमानीतलं प्लास्टिक, रेडिएटरसमोरची जाळी, दाराच्या खालची भोकं, सीटच्या पटऱ्या, एअर फिल्टरचा डबा, सगळं उघडून वाफेने किंवा प्रेशरने धुवा, सुकू द्या, आणि फोटो काढून ठेवा. १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात ठराविक देशांतून ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला पाठवत असाल तर एका ढेकणाच्या जातीसाठी उष्णतेची किंवा धुरीची ट्रीटमेंट पण लागू शकते. तिचा खर्च आणि तिच्यासाठी लागणारे दिवस आधीच धरून चाला.

इन्शुरन्स वगळू नका

"जहाज कंपनी जबाबदार असेलच की" असं वाटतं. असते, पण किती ते बघा. बऱ्याच मार्गांवर लागू असलेल्या हेग-व्हिस्बी नियमांत नुकसानभरपाईची मर्यादा एका नगाला ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) किंवा किलोला २ एसडीआर, यातली जास्त असेल ती. १,४०० किलोची गाडी म्हणजे २,८०० एसडीआर, बहुतेक गाड्यांच्या किमतीपेक्षा खूपच कमी. अमेरिकेच्या कायद्यात तर आधी किंमत जाहीर केली नसेल तर नगाला ५०० डॉलर.

आणि जनरल ॲव्हरेज हा प्रकार समजून घ्या. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला खर्च झाला तर तो ज्यांचा ज्यांचा माल जहाजावर आहे त्या सगळ्यांत वाटला जातो, तुमच्या मालाला ओरखडा नसला तरी. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन सुएझमध्ये अडकलं तेव्हा हेच जाहीर झालं, मालवाल्यांनी हमी भरल्याशिवाय माल मिळणार नव्हता, शिवाय जहाज जुलैपर्यंत इजिप्तमध्येच राहिलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये अझोर्सजवळ फेलिसिटी एसला आग लागली आणि सुमारे ४,००० गाड्या घेऊन ते बुडालं. म्हणून मरीन इन्शुरन्स घ्या, त्यात इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए म्हणजे सगळ्यात रुंद कव्हर मिळतं का विचारा, नाहीच मिळालं तर निदान पूर्ण नुकसान आणि जनरल ॲव्हरेज धरलेली पॉलिसी. वापरलेल्या गाडीच्या जुन्या ओरखड्यांना कव्हर नसतं.

सोडवायच्या दिवशी

बंदरावर काही दिवस फुकट मिळतात, किती ते आधी लेखी घ्या, नंतर स्टोरेज आणि कंटेनर असेल तर डेमरेज, डिटेन्शन (कंटेनर बंदरात पडून राहिल्याचा आणि रिकामा परत द्यायला उशीर झाल्याचा आकार) लागतं आणि ते दिवसागणिक वाढत जातं. त्यामुळे क्लिअरिंग एजंट जहाज पोचायच्या आधीच ठरलेला हवा आणि कागद त्याच्या मेलमध्ये पोचलेले हवेत.

गाडी घ्यायला जाताना पाठवतानाचे फोटो प्रिंट करून न्या, चारही बाजू, छप्पर, काच, चाकं, मीटरवरचे किलोमीटर. सही करायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारा आणि काही दिसलं तर डिलिव्हरीच्या कागदावरच लिहा, नुसतं तोंडी सांगू नका. दिसणारं नुकसान लगेच कळवायचं असतं, आत लपलेलं असेल तर ३ दिवसांत लेखी, आणि दावा वर्षाच्या आत. बॅटरी बहुधा उतरलेली असते म्हणून जम्पर सोबत ठेवा, ब्रेक डिस्कवर गंज असतो, पहिले काही ब्रेक खरखरतील, घाबरू नका.

आणि रस्त्यावर काढायच्या आधी इन्शुरन्स आणि तात्पुरता नंबर. ब्रिटनमध्ये गाडी आल्यापासून १४ दिवसांत टॅक्स खात्याला कळवावं लागतं, त्याशिवाय रजिस्ट्रेशन पुढे सरकत नाही. बाकी देशांतही अशीच काहीतरी मुदत असते, ती तारीख गाडी जहाजावर चढली त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, कारण गाडी हातात आल्याच्या आनंदात पहिला आठवडा कसा जातो ते कळत नाही.